रजिस्टरात ४१, आवारात ६३

गावाचं आणि माणसांची नावं गाळलीत. मराठवाड्यातलं एक नगरपालिकेचं गाव, त्याच्या बागेत एक छोटं झू, एवढ्यावर भागतं. झूमध्ये किंवा वन्यजीवांच्या कामात जायचंय असं म्हणणारी पोरं-पोरी अधूनमधून विचारतात, की इन्चार्ज म्हणून नेमकं काय करावं लागतं. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा हे एक प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवते. यात वाघ नाही, बिबट्या नाही, सगळी चितळं आहेत.

पार्श्वभूमी

मी उदगीरच्या व्हेटर्नरी कॉलेजची. आमच्या बॅचमधले निम्मे पशुधन विकास अधिकारी व्हायच्या मागं, बाकीचे कुत्र्या-मांजराचं क्लिनिक नाहीतर औषध कंपनी, आणि मी एकटी जंगली जनावरं जंगली जनावरं करत दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या झूमध्ये असिस्टंट म्हणून तीन वर्षं काढली. तिथं डायरेक्टर वनसेवेतले, क्युरेटर वेगळा, डॉक्टर वेगळे, प्रत्येक सेक्शनला किपर. मला वाटलं झू म्हणजे असंच असतं. नंतर घरच्या कारणानं परत यावं लागलं, नगरपालिकेची जाहिरात निघाली होती, ११ महिन्यांचं कंत्राट, पदाचं नाव 'पशुवैद्यक तथा उद्यान पर्यवेक्षक'. ते 'तथा' म्हणजे काय असतं ते मला जॉइन झाल्यावर कळलं. चाऱ्याचं बिल, बोअरची मोटर, मजुरांचा थकलेला पगार, रविवारची गर्दी आणि बागेतल्या कारंज्याचा बल्बसुद्धा.

झूमध्ये चितळं, थोडे मोर, दोन माकडं आणि एक म्हातारं कोल्हं. चितळांची सुरुवात कधीतरी नव्वदीत आणलेल्या एक नर दोन माद्यांपासून झाली असं सगळे सांगतात, त्याचा कागद काही सापडला नाही. पाच मजूर होते, त्यातल्या एकालाच जनावराची जाण, त्यांना सगळे मामा म्हणतात. धनगराच्या घरातले, लहानपण मेंढ्यांमागं गेलेलं, बागेत माळी म्हणून लागले आणि चितळांकडं कधी सरकले ते त्यांनाही आठवत नाही.

अडचण

फेब्रुवारी २०२४. आदल्या वर्षी पाऊस कमी पडलेला, कडब्याचे भाव चढलेले, गावाला टँकर सुरू व्हायची बोलणी चाललेली. चारा किती लागणार याचा हिशोब काढायला मी रजिस्टर उघडलं तर चितळ ४१. आवाराकडं बघितलं तर डोळ्यांना काही ४१ दिसेनात. मग तीन दिवस सकाळी साडेसहाला गव्हाणीपाशी बसून मोजली, मामा वहीत काड्या ओढायचे. पहिल्या दिवशी ५९, दुसऱ्या दिवशी ६४, तिसऱ्या दिवशी नर-मादी-पाडसं वेगवेगळी मोजली तेव्हा १९ नर, ३१ माद्या, १३ पाडसं, एकूण ६३.

मामा म्हणाले, "मॅडम, कामून मोजायलाव? मोजल्यानं कमी व्हतेत का?"

झालं असं होतं की मेलेलं जनावर दिसतं, त्याचं पोस्टमार्टेम होतं, पंचनामा होतो, म्हणून मरणाची नोंद बऱ्यापैकी नीट होती. जन्माची नोंद मात्र कुणी सांगितलं तर व्हायची. आणि चितळाला ठरावीक हंगाम नसतो, वर्षभर कधीही पाडस होतं, आई पहिले काही दिवस त्याला झुडपात दडवून ठेवते, मग ते कळपात मिसळलं की कोण नवीन कोण जुनं, काही पत्ता लागत नाही.

जागा साधारण पंचवीस-तीस जनावरांची. गव्हाण एकच, सिमेंटची, एका भिंतीला लागून सरळ लाइनीत. मी रोज जे बघायचे ते सांगते. चारा पडला की पाच-सहा मोठे नर शिंगं खाली करून लाइन धरायचे, त्यांच्या मागं बाकीचे नर, मग दांडग्या माद्या, आणि पाडसं घेऊन असलेल्या माद्या पार मागं बाभळीखाली उभ्या. त्यांची पाळी येईपर्यंत लसूणघासाची पानं संपलेली आणि नुसत्या काड्या उरलेल्या. एक मादी तर मी चार दिवस बघत होते, गव्हाणीत तोंड घालायची, बाजूच्या नरानं नुसती मान वळवली की परत मागं, आणि तिचं पाडस तिच्या सडाला ढुसण्या मारतंय पण दूध कुठून येणार. कागदावर चारा पूर्ण होता. मागच्या रांगेत उपासमार होती.

एप्रिलमध्ये चार गेली. एक नर मारामारीत, पोटात शिंग घुसून. एक पाडस. आणि दोन माद्या, त्यांचं पोट फाडलं तर प्लास्टिक. गेटबाहेर गाजर-पॉपकॉर्नचा गाडा होता, लोक पिशवीसकट आत फेकायचे. दुसऱ्या मादीच्या पोटातून निघालेला गोळा धुऊन वजन केलं तर दोन किलोच्या वर भरला.

पहिला निर्णय, आकडा खरा लिहायचा का

एप्रिलच्या आधीच हा प्रश्न आला होता, कारण ३१ मार्चची इन्व्हेंटरी केंद्रीय झू प्राधिकरणाला जाते. ६३ लिहिले तर पहिला प्रश्न येणार, २२ जनावरं आली कुठून? ऑफिसातल्या मोठ्या बाबूंनी मला अगदी मायेनं समजावलं. दर तिमाहीला चार-चार जन्म दाखवत जा, दीड वर्षात आकडा आपोआप जुळतो, कुणाच्या डोळ्यात येत नाही. वरचे साहेब म्हणाले या मार्चचं जाऊ द्या, निवडणुकीचं काम आहे, नंतर बघू.

खरं सांगते, दोन दिवस मलाही ते पटलं होतं. कंत्राट ११ महिन्यांचं, नवीन आलेली बाई, आधीच्या लोकांची चूक आपण का अंगावर घ्यायची. पण एक गोष्ट आडवी आली. पुढं काहीही करायचं म्हटलं, जनावर दुसऱ्या झूला द्यायचं असो नाहीतर जंगलात सोडायचं असो, परवानगी लागतेच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्यातलं ३८-आय कलम, प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय एकही जनावर झूमधून झूमध्ये हलत नाही. आणि ज्या चितळाची नोंदच नाही ते हलवायची परवानगी मागणार कशी? खोट्या आकड्यानं नोकरी टिकली असती, पण चितळं जिथल्या तिथं अडकली असती.

६३ लिहिले, सोबत दीड पानाचं स्पष्टीकरण, तीन दिवसांच्या मोजणीची वही आणि फोटो. महिन्याभरात मला कारणे दाखवा नोटीस आली, नोंदी नीट का ठेवल्या नाहीत म्हणून. जॉइन होऊन तेव्हा माझे सात महिनेसुद्धा भरले नव्हते. उत्तर दिलं, फाइल बंद झाली, पण त्या आठवड्यात घरी जेवण गेलं नाही. बाबा म्हणाले अजून वेळ गेली नाही, एमपीएससीचा फॉर्म भर.

पर्याय

दुसऱ्या झूला देणं. सहा ठिकाणी पत्रं लिहिली. देशभरात छोट्या झूंची हीच रड आहे, चितळ सगळ्यांकडंच जास्त. एकाच ठिकाणाहून उत्तर आलं, नऊ घेऊ, पण सगळ्या तपासण्या तुमच्या खर्चानं.

जंगलात सोडणं. हा सगळ्यांना आवडणारा पर्याय, पेपरला छान फोटो येतो. आपल्याकडं नांदेड-यवतमाळच्या सीमेवर पैनगंगा अभयारण्य आहे, यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातले वाघ तिकडून ये-जा करतात, त्यांना भक्ष्य वाढेल हा मुद्दा बरोबरच आहे. पण पिढ्यानपिढ्या माणसाच्या हातचं गाजर खाल्लेलं चितळ जंगलात सोडलं तर ते रस्त्यावर येऊन उभं राहणार. शिवाय टीबी, लाळ्या-खुरकूत तपासल्याशिवाय सोडणं म्हणजे तिथल्या कळपाला रोग नेऊन देणं. आणि मुख्य वन्यजीव संरक्षकांची परवानगी, म्हणजे फाइल नागपूरला. प्रस्ताव पाठवला, पण त्याच्या भरवशावर बसायचं नाही असं ठरवलं.

नसबंदी. नरांची करता येते, पण प्रत्येकाला भूल द्यायची, आणि चितळ भुलेला फार नाजूक. मी मोठ्या झूमध्ये हाताखाली उभी राहिलेली, स्वतः एकही केलेली नाही. १९ नरांमधला एक जरी मोकळा राहिला तर सगळी मेहनत पाण्यात.

नवीन मोठी जागा, म्हणजे सफारी पार्क. हे एका माजी नगरसेवकांचं आवडतं. तेव्हा पालिकेवर प्रशासक होता, निवडणुका लटकलेल्या, त्यामुळं सगळे माजीच, पण बोलायला कुणी माजी नव्हतं. जागा, पैसा, आराखडा, काहीच नाही.

नर-मादी वेगळे करणं. मधोमध जाळी मारायची, नर एकीकडं, माद्या एकीकडं. स्वस्त, कुणाची परवानगी नको, मन बदललं तर उलटंही फिरवता येतं. खोट एवढीच की मोठे-मोठे १९ नर एकत्र राहिले तर एकमेकांना फाडतील अशी भीती, पण मोठ्या झूमध्ये मी नरांचे वेगळे कळप बघितले होते, माद्या समोर नसल्या की भांडणं बरीच कमी होतात.

आणि एक पर्याय कुणी कागदावर लिहीत नाही पण सगळ्यात जास्त तोच निवडला जातो. काहीच न करणं, उन्हाळा आपोआप संख्या कमी करतो.

काय केलं

वेगळं करायचं ठरलं आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. जाळीचं टेंडर अडकलं ते थेट जूनपर्यंत. मग बिनपैशाची कामं उरकून घेतली. पहिलं, एका गव्हाणीच्या ऐवजी चारा अकरा ठिकाणी टाकायला लागलो, जुने टायर उभे चिरून, प्लास्टिकचे ड्रम आडवे कापून, लांब लांब. नर तरी किती ठिकाणी पहारा देणार? आठवड्याभरात मागच्या माद्या खायला लागल्या. वर्षभरातलं सगळ्यात फायद्याचं काम हेच ठरलं आणि त्याला एक रुपया लागला नाही, मला सुचायला मात्र दोन महिने लागले.

दुसरं, सोमवारी झू बंद. २००९ च्या झू मान्यता नियमांत आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचंच असं आहे, आमच्याकडं कुणी पाळत नव्हतं. तिसरं, तो प्लास्टिकचा गोळा काचेच्या बरणीत घालून गेटवर ठेवला. गाडेवाल्याशी मात्र माझं चुकलं, त्यावर पुढं लिहिते.

जूनच्या शेवटी जाळी झाली, मधे एक गेट, आता माद्या पलीकडं न्यायच्या. आणि मी घाई केली. कंत्राट संपायला दोन-अडीच महिने उरलेले, वरून रोज फोन, झालं का झालं का. एका सकाळी मजूर आणि गावातली पंधरा पोरं, हातात काठ्या आणि जाळी, एका बाजूनं हाकत जायचं ठरलं. मामा नको म्हणत होते. पाच मिनिटांत कळप उधळला, एक मादी धावत येऊन चेनलिंकच्या जाळीवर आपटली आणि मान मोडून जागेवर गेली. आठ पलीकडं गेल्या, त्यातल्या दोन तिसऱ्या दिवशी मेल्या, मागचे पाय ताठ, लघवी चहासारखी. याला कॅप्चर मायोपथी म्हणतात, पळापळीनं आणि भीतीनं स्नायू आतून नासतात, जनावर त्या दिवशी ठीक दिसतं आणि नंतर पडतं. मला हे शिकवलेलं होतं, परीक्षेत मी यावर दहा मार्काचं उत्तर लिहिलं होतं. तीन पोस्टमार्टेम मीच केले. रिपोर्टमध्ये कारण लिहिताना 'पकडताना झालेली हाताळणी' असं लिहिलं, कुणाच्या हुकमावरून ते लिहायची जागा त्या फॉर्ममध्ये नसते, असती तर तिथं माझंच नाव आलं असतं.

त्यानंतर आठवडाभर मामा माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एक दिवस म्हणाले, "ताई, मेंढरू वाघरीत कोंडताना कुणी काठी घेऊन पळतंय का? आणि जाळीतून पलीकडलं दिसतंय म्हणून ते धडकायलंय. डोळ्याला दिसंना की जनावर तिथं तोंड घालत नाही."

वाघर म्हणजे मेंढ्या रात्री कोंडायची धनगरांची जाळी. मामांचं म्हणणं म्हणजे अगदी तेच, जे मध्य प्रदेशात चितळ हलवताना बोमा पद्धतीत करतात. नरसाळ्यासारखं आवार, दोन्ही बाजूंना आरपार न दिसणारं कापड, आणि जनावर आपल्या पायानं निमुळत्या टोकाकडं. मला बोमा माहीत होता, पण तो मोठ्या जंगलात मोठ्या बजेटनं करायचा प्रकार, हे डोक्यात बसलेलं.

हिरवं शेडनेट आणलं, गेटच्या दोन्ही बाजूंनी नरसाळं केलं, आणि चाऱ्याचे ड्रम रोज चार-पाच फूट गेटकडं सरकवत नेले. काठी नाही, ओरडणं नाही, मामा आणि मी सोडून कुणी आत नाही. तीन आठवड्यांनी ड्रम पलीकडं गेले. गेटला दोरी, दोरी मामांच्या हातात, ते बाभळीमागं बसायचे. नर घुसला की काही करायचं नाही, फक्त माद्या-पाडसं आत असली की दोरी ओढायची. कधी चार, कधी दोन, कधी तीन दिवस एकही नाही. मधल्या काळात कंत्राट वाढवून मिळालं, ते कसं मिळालं तो वेगळाच किस्सा. सप्टेंबर २०२४ च्या मध्यावर शेवटची मादी पलीकडं गेली. या पद्धतीत एकही मेलं नाही.

निकाल

त्या दिवशी मोजली तर परत ६३. मधे नऊ मेली, नऊ जन्मली.

आणि पुढं जे झालं ते मला आधी कुणाला सांगायचं सुचलंच नाही. चितळाचा गाभणकाळ साडेसात-आठ महिन्यांचा. म्हणजे वेगळं केल्यावरही आठ महिने पाडसं होतच राहणार, कारण माद्या आधीच गाभण. दिवाळीत पाडसं, संक्रांतीला पाडसं, होळीला पाडसं. साहेबांनी बोलावून विचारलं, मॅडम, जाळीला एवढा खर्च केला त्याचं काय झालं? माजी नगरसेवकांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला, खाली हसायचे इमोजी. मी समजावत होते पण घटना घडल्यावर दिलेलं कारण सबबीसारखंच ऐकू येतं. मे २०२५ पर्यंत १७ जन्म झाले आणि मग थांबले.

जानेवारीत नऊ चितळं त्या दुसऱ्या झूला गेली. अंधाऱ्या क्रेटमध्ये, रात्रीचा प्रवास, नर तेवढेच निवडले ज्यांची शिंगं गळून गेली होती. सगळी जिवंत पोचली. नागपूरच्या फाइलचं अजून काही नाही. मधल्या काळात, २०२४ च्या शेवटी, टिपेश्वरचा वाघ चालत थेट धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाटात येऊन राहिला, त्याला कुणाची परवानगी लागली नाही, असं आमच्या ऑफिसात म्हणून झालं.

नोव्हेंबर २०२५ ला चितळ ६१. पावणेदोन वर्षांत दोन कमी. कागदावर बघणाऱ्याला वाटेल काहीच झालं नाही. पण त्या वर्षी प्लास्टिकनं एकही मेलं नाही, मारामारीत एक मेलं, आणि माद्यांच्या बरगड्या दिसायच्या बंद झाल्या.

परत करायचं झालं तर

जॉइन झाल्याच्या पहिल्या आठवड्यात मोजायचं. मी चार महिने रजिस्टरावर विश्वास ठेवला.

हाकायचं नाही. यावर जास्त लिहीत नाही, वर लिहिलंय.

पाडसं आठ महिने होत राहणार हे जाळीच्या प्रस्तावातच लिहायचं, महिन्यांच्या नावासकट. 'मे २०२५ पर्यंत संख्या वाढताना दिसेल' असं एक वाक्य आधी सही-शिक्क्यानं गेलं असतं तर तोच व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो माझ्या बाजूचा पुरावा झाला असता.

गाडेवाला. मी पहिल्याच दिवशी अतिक्रमणवाल्यांना सांगून गाडा उचलायला लावला. कायद्यानं बरोबर होतं. पण तो माणूस बारा वर्षं तिथं उभा, गावातल्या निम्म्या लोकांच्या ओळखीचा, त्यानं सहा महिने माझ्याविरुद्ध जेवढा प्रचार केला तेवढा आचारसंहितेत कुणी केला नसेल. नंतर मामांनीच त्याला गेटपासून लांब, पार्किंगपाशी, ऊसाच्या रसाचा गाडा लावायला सुचवलं आणि विषय मिटला. हे मला पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

एक चूक अजून निस्तरते आहे. माद्यांबरोबर जी नर पाडसं गेली त्यांची वेगळी यादी मी केलीच नाही, लहान आहेत म्हणून सोडून दिली. नोव्हेंबरमध्ये माद्यांच्या बाजूला एक पाडस जन्मलं तेव्हा सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शोधलं तर त्यातल्याच एका पोरसवदा नराचा उद्योग. आता मामा रोज सकाळी त्या बाजूला फक्त डोकी बघत फिरतात, कुणाला शिंगाची टोकं फुटलीत का. काल त्यांचा फोन होता, अजून एक सापडलंय म्हणे, बादली घेऊन दोरीपाशी बसलेत, घाई करू नका म्हणाले, सावकाश या.